ज्योतीशेजारची साधी काच

थेल्माबाई बर्बँक आमच्या चर्चमध्ये दर रविवारी कॉफी करायच्या. पातळ व्हायची. कुणी बोललंच तर म्हणायच्या, "जागं राहायचंय तर प्रवचन ऐका, कॉफीला दोष देऊ नका." त्यांचे यजमान मेरिल हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवत. खिडकीजवळच्या बाकावर ते डोळे मिटून बसायचे. झोपतात म्हणून आम्ही चिडवायचो. शेजारची जागा मात्र कुणाला देत नसत. ती त्यांच्या मुलाची, कर्टिसची. आमच्या चर्चमध्ये क्रूस नसतो, म्हणून तो चौकापलीकडच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जाऊ लागला होता. "जिथे क्रूस नाही तिथे मी पाय ठेवणार नाही," एवढं बोलून गेला, आणि बापलेकाचं बोलणं तिथेच थांबलं.

मेरिल गेल्यावर त्याच खिडकीत त्यांच्या नावाने रंगीत काच बसवायचं ठरलं. चित्र आम्हा युनिटेरियन पंथाच्या लोकांचं नेहमीचंच: वर्तुळात पेटती ज्योत असलेलं पात्र, पण मधोमध नाही, एका कडेला. सगळं सत्य आपल्याच ओंजळीत आलंय असं कुणी समजू नये, म्हणून उरलेली जागा दुसऱ्यांसाठी.

काच करणारे आर्मां गान्यों कॅथलिक. नमुना घेऊन खुशीत आले.

"चित्र चुकून कडेला गेलं होतं, मी मधे आणलं. दोन्हीकडे वेल काढलाय. त्याचे पैसे नकोत."

वेल सुरेखच होता. चर्चच्या समितीचा प्रमुख रसेल बैठकांना कंटाळलेला. "थेल्मा, आता राहू दे की असंच."

"ज्योत कडेलाच हवी. बाजूची काच साधी, आरपार दिसेल अशी."

"लोक म्हणतील, काच पुरली नाही."

"म्हणू देत."

गान्योंनी डोकं खाजवलं. "बाई, देवाची वस्तू मधे असावी."

"आमच्यात देवाला सरकून बसायची सवय आहे," थेल्माबाई म्हणाल्या.

जूनमध्ये आमचा फुलांचा रविवार असतो. प्रत्येकाने एक फूल आणायचं, दुसऱ्याचं घेऊन जायचं. त्याच दिवशी खिडकीचं अर्पण ठेवलं. थेल्माबाईंनी कर्टिसला बोलावलं होतं. सकाळपासून त्यांचं लक्ष दाराकडे, त्यामुळे कॉफी पहिल्यांदाच कडक झाली.

तो आला, पण दाराशीच उभा राहिला. आईने जाऊन त्याच्या हातात फूल दिलं.

"मी काही आणलेलं नाही," तो पुटपुटला.

"न आणणाऱ्यालाही मिळतं. चल, बस."

तो बापाने राखलेल्या जागेवर बसला आणि खिडकीकडे बघतच राहिला. ज्योतीच्या शेजारी, साध्या काचेतून, चौकापलीकडचं त्याचं चर्च दिसत होतं, कळसावरच्या क्रुसासकट.

"हे मुद्दाम केलंस?"

"मी कसली करते? आधीची काच साधीच होती. बाबा दर रविवारी इथून तिकडे बघत बसायचे. तुझी गाडी तिथे लागली, तू आत गेलास, की मग डोळे मिटून प्रार्थना करायचे."

मी मागच्याच बाकावर होते. आम्हाला वाटायचं, मेरिल झोपतात.

कर्टिसने साध्या काचेतून पुन्हा पलीकडे पाहिलं. फूल गुडघ्यावर तसंच. मग म्हणाला, "कॉफी अजून पातळच करतेस का?"

"आज कडक झालीय."

"मग घेतो अर्धा कप."