तेवीस नंबरचा शिंपला

आमच्या भूशास्त्राच्या वर्गात जीवाश्म पाठ करायची एक रीत होती. जीवाश्म बघायचाच नाही, खुणा बघायच्या. सीनियर मुलं यादी देऊन जायची: कोपरा तुटलेला तो अमुक, लाल ठिपक्याचा तो तमुक. तेवीस नंबर, काळपट शिंपला, ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यासारखंच कवच असलेला पण वेगळ्याच कुळातला समुद्री प्राणी. ट्रेमध्ये त्याच्याजवळ ठेवलेल्या नावाच्या चिठ्ठीवरही तेच.

मी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या शाळेतून आलेली, घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. मला भिंगातून पाहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

कोपरखैरण्याला काकांकडे राहायचे. शेजारच्या मावशी खाडीतली कालवं फोडून विकायच्या. सुरी नेमकी एका जागी घालायच्या. "हितं त्याचा जोर हाय. यो कापला का झाकन आपसूक उघडतं. कालेजात नाय शिकवत?" उघडलेल्या शिंपल्यात त्या जागी, झाकण मिटून धरणारा स्नायू चिकटलेला असतो तिथे, एकच मोठा डाग असायचा.

तेवीस नंबरच्या आत तसाच एक डाग होता. ब्रॅकिओपॉडच्या मधोमध रेघ ओढली तर दोन्ही बाजू जुळतात. याच्या जुळत नव्हत्या. प्रात्यक्षिक परीक्षेत मी 'कालव' लिहिलं, कारणांसकट. त्या प्रश्नाला शून्य मिळालं.

सरांकडे गेले. याच सरांनी मला स्वतःच्या कपाटातली पुस्तकं वर्षभर वापरू दिली होती, म्हणून वाद न घालता शिंपला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी शिंपला बराच वेळ भिंगाखाली फिरवला.

"तुझं बरोबर आहे. मार्क वाढवतो. चिठ्ठी राहू दे."

"पण सर, ती चूक आहे ना?"

"बाहेरचे परीक्षक हीच यादी धरून तपासतात. अगं, लाखो वर्षांपूर्वी मेलेला तो, त्याला काय फरक पडतो?"

पहिल्याच तासाला याच माणसाने सांगितलं होतं, चिठ्ठी चुकली की जीवाश्माची खडी होते! संताप संताप झाला. तरी मार्क मी घेतले. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो एकट्या सरांवरचा नाही.

पुढच्या वर्षी एका ज्युनिअर मुलीने माझ्याकडून यादी नेली. तेविसाव्या ओळीत मी 'कालव' लिहिलं होतं. परीक्षेनंतर ती रडवेली होऊन आली. "ताई, सगळ्यांनी ब्रॅकिओपॉड लिहिलं. तुमच्या नादाने माझेच मार्क गेले."

तिला घेऊन मी प्रयोगशाळेत गेले, ट्रे ओढला, ती चिठ्ठी काढली आणि मुठीत धरूनच सरांच्या खोलीत शिरले.