गाडी अजून तयार नाही

गाडी ही कुठंतरी जाण्यासाठी घेतात, ही गोष्ट माझ्या गारखेड्याच्या मामांना कुणी सांगितलीच नसावी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनं करतात, दुपारी झोपतात, नाहीतर वर्तमानपत्रांना रागाची पत्रं लिहितात. मामांनी एका बंद पडलेल्या फिरत्या दवाखान्याची मेटॅडोर घेतली. ट्रॅक्टरमागं दोरीनं बांधून ती गल्लीत आली तेव्हा तिच्या आत फिनेलचा वास होता आणि छतातून आकाश दिसत होतं. मामी भाकरतुकडा ओवाळायला दारात उभ्या होत्या. पण ओवाळावं कुठून ते त्यांना कळेना, कारण गाडीची पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे गंजानं उरूच दिलं नव्हतं. मामा मात्र नवरीची गाडी आल्यासारखे हसत होते. "हिच्यात मी ओटा करणार, पलंग करणार, पाण्याची टाकी करणार," ते मला म्हणाले. "घरातलं सगळं करणार."

हे वेड हवेतून आलेलं नव्हतं. मामा-मामींना मूलबाळ नाही, आणि मामींच्या माहेरी, पिशोरला, जुनी रीत आहे: लेकीची कूस उजवल्याशिवाय बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. पिशोरचे अप्पा, म्हणजे मामींचे वडील, रीतीचे पक्के. लेकीवर जीव असा की तिला भेटायला एस.टी.नं गारखेड्याला यायचे, पण येताना स्वतःची भाकरी आणि स्वतःचं पाणी घेऊन यायचे. ओसरीवर बसून ते आपलं फडकं सोडायचे आणि मामी उंबऱ्याच्या आत बसून बापाला कोरडी भाकरी खाताना बघायच्या. अख्खा संसार झाला, पण अप्पांनी लेकीच्या हातचा घोटभर चहा घेतला नाही. मामांनी यावर जो तोडगा काढला तो धरणाच्या कामावर आयुष्य काढलेल्या माणसालाच सुचावा. अप्पा लेकीच्या घरचं घेत नाहीत ना, मग घरच अप्पांकडं न्यायचं. जमीन अप्पांची, सावली अप्पांच्या चिंचेची, त्यात आपली गाडी उभी. मग ते लेकीचं घर कसं?

तोडगा झकास होता. अडचण एकच होती: गाडी तयार होत नव्हती. इंजिन कधीच सुरू झालं होतं. ओटा झाला, स्टोव्ह बसला, रुग्णाला निजवायच्या बाकाचा पलंग झाला. पण मामांचं समाधान होईना. गंजाचा ठिपका दिसला की ते जेवणावरून उठायचे. "अरं, पत्रा दातासारखा असतो, कीड आत पसरती," असं म्हणून ते ठिपका खरवडायला घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत तिथं हात जाईल एवढं भोक पडलेलं असायचं. मग वेल्डिंग, मग खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरणं, मग पॉलिश पेपर, मग रंग. आणि रंग वाळेस्तोवर शेजारी नवा ठिपका. रोज सकाळी इंजिन सुरू करून ते चालकाच्या जागेवर जपाची माळ ओढत बसायचे. माळ संपली की इंजिन बंद. गल्लीतल्या लोकांना गजराच्या घड्याळाची गरज उरली नाही. देवाला मात्र त्या खडखडाटात काय ऐकू जात असेल, देव जाणे.

खरा कहर छताच्या परीक्षेचा. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा सण असतो. त्या दिवशी लोक कामावर रजा टाकतात, हंडे-पिंपं अंगणात मांडतात. नेमक्या त्याच दिवशी मामा मामींना शिडीवर चढवून नळी हातात द्यायचे आणि स्वतः गाडीत जाऊन बसायचे, डोक्यावर छत्री, हातात खडू. कुठं थेंब पडला की तिथं फुली. "हां, आता उजवीकडं! लई झकास गळतंय!" आतून आवाज यायचा. शेजारी कपाळाला हात लावायचे. छतावरून ओघळलेलं पाणी खाली मांडलेल्या बादल्यांत जमायचं आणि मामी ते तुळशीला घालायच्या, म्हणून त्या शेजाऱ्यांच्या बोलण्यातून वाचल्या.

मिस्त्री म्हणजे एक मिश्किल खाँसाहेब होते. बोनेट उघडून त्यांनी एकदा विचारलं, "क्या मामू, गाडी चलाने के वास्ते लिए, की देखने के वास्ते?" मामा रागावले नाहीत. ज्याला जे ऐकायचं नसतं ते त्याला ऐकू येत नाही. ते उलट शेजारच्या गुरुजींकडं शास्त्रार्थ करायला गेले: चाकं असलेलं घर हे घर की वाहन? गुरुजींनी बराच विचार करून विचारलं, "वास्तुशांत केली का?" "नाही." "मग वाहन." मामा इतके खूश झाले की गुरुजींना चक्कर मारून आणतो म्हणाले. अर्थात, गाडी तयार झाल्यावर. आणि त्याच दिवशी मामींना गाडीच्या दाराला तोरण बांधायची मनाई झाली.

या सगळ्यात अप्पा नव्वदीला टेकले. एस.टी. सुटली, मग शेतात जाणं सुटलं. माझा जीव कासावीस व्हायचा. मी मामांना म्हणायचो, "मामा, न्या ना आता, छान झालीय गाडी." ते म्हणायचे, "नाय रे. खिडकी वाजती अजून. अप्पा पहिल्यांदा बसणार, अन् खिडकी वाजली तर?" मामी कधी बोलायच्या नाहीत. एकदाच, पिशोरहून मामींचा भाऊ येऊन सांगून गेला की अप्पांचं जेवण तुटलंय, तेव्हा त्या खिडकीचं रबर चिकटवणाऱ्या नवऱ्याजवळ जाऊन म्हणाल्या, "व्हय, तुमची गाडी व्हईल तयार. पण अप्पा थांबतील का तोवर?"

मामांनी रबर खाली ठेवलं. हात पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. एका दाराला नुसती लांबी भरलेली, रंग नाही. आणि खिडकी हर्सूल मागं पडल्यापासून पिशोरपर्यंत वाजत होती.

चिंचेखाली गाडी लागली. अप्पांना दोघांनी धरून आत आणलं, पलंगावर बसवलं. मामींनी स्टोव्ह पेटवला. मामा समोर उभे राहिले आणि इतक्या वर्षांचं पाठ केलेलं भाषण त्यांनी सुरू केलं, "अप्पा, बघा, जमीन तुमची. सावली तुमच्या चिंचेची. गुरुजी म्हणले, वास्तुशांत नाय म्हणल्यावर..."

"जावईबापू," अप्पा म्हणाले, "वकिली ऱ्हाऊ द्या." मग लेकीकडं वळले. "पोरी, तहान लागली मला. पाणी दे."

ते पाणी प्यायले. सगळं. मग म्हणाले, "आता च्या दे." मामींनी कप दिला. एक घोट घेऊन अप्पांनी तोंड वाकडं केलं. "साखर घाल अजून. बापाला देताना हात आखडू नको." मामी हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या चमच्यामागून चमचे घालत होत्या. मामा दिसेनात म्हणून मी खाली उतरलो. ते मागचं चाक दाबून बघत होते. "हवा कमी वाटती," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. हवा चांगली होती. मीही चाक दाबलं आणि म्हटलं, "हो, थोडी कमी आहे."

हे गारखेड्याच्या ओसरीवरही झालं असतं, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. पण झालं नसतं. अप्पांना रीत सोडायला कुणीतरी एवढं लांबून, एवढं वेड्यासारखं यावं लागलं.

अप्पा त्याच हिवाळ्यात गेले. मामा-मामी आता कधीमधी गाडी काढून गंगापूरकडं जातात, रस्त्याकडेला थांबून चहा करतात. मीही जातो. तो चहा पाकासारखा गोड असतो. मामांना मधुमेह आहे. घरी ते बिनसाखरेचा पितात, पण गाडीत मुकाट्यानं हाच पितात. परवा मी मामींना म्हटलं, साखर जरा कमी घालत जा, मामांना बरं नाही. मामी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे. तिचा बाप असाच पिला."

मी माझा कप पुढं केला.