सुभद्रा धार्मिक नव्हती

माझी धाकटी बहीण सुभद्रा गेली तवा मी सोयाबीन घेऊन जिंतूरच्या बाजारात होतो. पोराचा, शिवराजचा फोन आला, "आप्पा, आत्या गेली." मी म्हणलं, "कुठं?" दुकान सोडून ती कुठं जात नसती, म्हणून मला रागच आला. मग त्यानं पुन्हा सांगितलं. साखर जोखता जोखता खाली बसली, ती उठलीच न्हाई... लगेच पेपरात तिचा फोटो आला. खाली छापलं होतं, 'धार्मिक, शांत, मनमिळाऊ.' हे कुणाचं वर्णन हाय? आमच्या वालूरात कुणालाबी विचारा, सुभद्राचं कुणाशी पटलं ते दाखवा. फोटोपुढं भाऊबंदांनी पोथी मांडली. ती पोथी तिनं जन्मात उघडली न्हाई. ती कादंबरी वाचायची. जे खरं हाय ते लिहायला बसलोय. मी चौथी शिकलेला माणूस, चुका निघतील. काढा.

भर विशीत तिचं कपाळ मोकळं झालं अन ती माहेरी आली. दुसरं घर करून द्यावं असं आमच्या बापाला वाटलं न्हाई. किराणा दुकान काढून दिलं अन झालं म्हणला. त्या दुकानात माझी नात वैष्णवी, परभणीला कॉलेजात शिकती ती, एकदा सुट्टीत आपलं पुस्तक विसरून गेली. मराठीत उतरवलेलं परक्या मुलखाचं पुस्तक. त्यात एक शहर. तिथले राज्यकर्ते सगळं पाणी हौदात, कुलपात ठेवतेत अन घोट घोट वाटतेत. एका पोरीला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. अन तिचं मन बसतं कुणावर, तर त्या हौदाच्या पहारेकऱ्यावर. सुभद्रा म्हणली, "म्हणजे पाणाडी पोरगी. आपल्याकडं पाणी हुडकायला बाप्ये नारळ घेऊन हिंडतेत, ही कानानं ऐकती." कुलपातल्या पाण्याचं तिला काही नवल वाटलं न्हाई. टँकरपाशी घागर घेऊन उभं राहिलेल्या बाईला ते काय समजावून सांगायचं?

मग ती पान पुरं होईस्तोर गिऱ्हाइकाला उभं करायला लागली. कुणी घाई केली तर म्हणायची, "तिकडं पोरीला धरायलेत अन तुला चहापत्ती सुचायलीय." शेळ्यामागं जाणाऱ्या बायकाबी पायरीवर टेकून इचारायच्या, काल कुठवर आलं व्हतं म्हणून. निम्मी गल्ली त्या पहारेकऱ्याच्या बाजूची झाली. बाप्ये मात्र हसायचे, साठी उलटल्यावर पोरापोरींच्या प्रेमाचं पुस्तक म्हणून. एका भाऊबंदानं तिला तोंडावर इचारलं, आत्या, नवा जोडीदार बघायलीस का. ती म्हणली, "बघायलेय. कागदावरचा बरा. बाई बोलायली की गप ऐकतो." तो पुन्हा दुकानाकडं फिरकला न्हाई. आता त्योच दुखवट्याच्या मांडवात डोळे पुसत सांगत होता, आत्या लय देवभोळी व्हती म्हणून. मला उठून त्याच्या थोबाडीत द्यावी वाटली.

मी तिला हसलो न्हाई. मी भांडलो. माझं म्हणणं, तो पोरगा दगा देणार. राज्यकर्त्याची भाकर खातो, किल्ल्या कमरेला लावतो, त्याचा काय भरोसा?

"अण्णा, किल्ली ज्याच्यापशी तोच कुलूप उघडंल न?"

"लावतो बी तोच."

त्याच्यावरून आमी कितीतरी दिवस एकमेकाशी बोललो न्हाई. शिवराजला वाटलं वाटणीचं भांडण हाय.

अन मग ते छापणारे लोक. गोष्ट तीन भागांची, दोन भाग मराठीत काढले अन तिसरा काढणार न्हाईत म्हणं, खप न्हाई. अरे, अर्ध्या रानात गाडी सोडून उतरा म्हणायचं, ही कुठली रीत? वैष्णवीनं तिसरा इंग्रजीत वाचला होता. ती म्हणली, आत्याजी, शेवट सांगू का? सुभद्रा तिच्यावर धावून गेली. "सांगू नको. इतकी वाट बघितली, अजून बघीन." वाट बघत बघत गेली.

आमच्या लिंगायतात माणसाला जाळत न्हाईत, बसवून पुरतेत. सुभद्राला बसवली, हाती लिंग दिलं. तेवढ्यात वैष्णवी रडत पुढं आली अन तिच्या कानाशी वाकली. शेवट सांगून टाकते म्हणली. लोकांनी पोरीला मागं ओढलं, येडी झाली म्हणले. मी म्हणलं, तिला हात लावू नका. अन पोरीला म्हणलं, "सांगायचं न्हाई. वाचून दाखवायचं. पहिल्या पानापासून."

आता ती दर रविवारी परभणीहून येती. समाधीपशी मी गोणपाट टाकतो. ती इंग्रजी बघती अन मराठीत बोलती. एकदा दोन पानं गाळून पुढं पळायली तर मी माघारी फिरवली. पहिल्या रविवारी आमी दोघंच होतो, आता शेळ्यावाल्या बायकाबी येऊन बसतेत. शिवराज म्हणतो, लोक नावं ठेवायलेत. मी त्याला म्हणलं, घरात लावलेली पोथी अर्धी ठेवतेत का? ठेवतेत का सांग. 

परवा तो पहारेकरी किल्ल्या घेऊन हौदाच्या दारापशी आला. पोरगी आत कोंडलेली, माणसं मागून धावायलेली. वैष्णवीचा आवाज बारीक झाला, व्हट थरथरायले. मी बघितलं अन माझं डोकं फिरलं.

"तोंड सरळ ठेव," मी म्हणलं. "आत्या समोर बसलीय. तिला तुझ्या तोंडावरून शेवट कळंल."

पोरीनं ओढणीनं तोंड पुसलं अन पुढं वाचायला लागली.