चिंचेला टांगलेले भोपळे

पुण्या-मुंबईच्या चाळींत राहणाऱ्या कारकुनांनो, शाळामास्तरांनो, छापखान्यांतल्या आणि गिरण्यांतल्या मित्रांनो! दर उन्हाळ्यात आपली तक्रार एकच असते. महाबळेश्वरची हवा साहेबांची, माथेरानची सावली शेठजींची, आणि आपल्या वाट्याला दोन खोल्या नि हातातला विंझणा. मिळालेली रजा आपण झोपून काढतो आणि वर म्हणतो, हिंडणं हा पैसेवाल्यांचा धंदा. हे वाक्य मी स्वतः व्यासपीठावरून कितीदा तरी गर्जून सांगितलं आहे आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. या वैशाखात वाटलं, एकदा ते तपासून पाहावं. पैसे द्यायचे ते तिसऱ्या वर्गाच्या तिकिटाला, मोटारीला आणि पोटापुरत्या पिठाला. बाकी जे फुकट असेल तेच पाहायचं. बेचाळीसच्या चळवळीनंतर साऱ्या देशानं ज्यांच्याकडे मान वळवून पाहिलं ते सातारा आणि सांगली मी निवडले, आणि वळकटी बांधली.

सातारा रोड स्टेशनावर उतरलं की गाव अजून लांब असतं. लढाई संपली तरी पेट्रोल मोकळं झालेलं नाही, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की ड्रायव्हर हाक देतो, "उतरा मंडळी, गाडी दमली!" आम्ही सगळे उतरून मागून ढकलू लागलो. एक म्हातारी मात्र जागची हलेना.

"आवं आजी, उतरा की!"

"तिकीट बसायचं काढलंय. ढकलायचं न्हवं."

तिच्यासकट आम्ही मोटार वर चढवली. धर्मशाळेत जागा मिळते. शिधा सोबत न्या, रेशनमुळे परगावच्या माणसाला धान्य मिळणं मुश्कील आहे.

अजिंक्यताऱ्यावर उजाडताच निघावं. उन्हं चढली की काळा दगड पायाला चटके देतो. वर ना तिकीट, ना फाटक. तटावर उभं राहिलं की खाली कौलारू गाव, पलीकडे यवतेश्वराची सोंड, आणि मधून एवढा वारा, की धोतर सांभाळावं की टोपी! राज्याच्या मोठमोठ्या गोष्टी मी पुस्तकांतून वाचल्या होत्या. पण मला जास्त कुतूहल वाटलं ते तिथल्या पाण्याच्या तळ्यांचं. इतक्या उंचावर पाणी धरून ठेवणारी माणसं कोण असतील, त्यांची नावं कुठंच कशी नाहीत? तळ्याशी एक गुराखी शेरडं पाजत बसला होता. त्याला विचारलं, "इथं यायला काही द्यावं लागतं का?" तो हसला. "द्या की. मला तंबाखू द्या."

दुसऱ्या दिवशी यवतेश्वर. वाटेत मेढ्याकडच्या बाया करवंदांच्या पाट्या घेऊन उतरत होत्या. मी विकत मागितली, तर त्यातली एक म्हणाली, "इकत कशाला घेताय? त्या जाळीत हात घाला. काटं लागलं तर आमचं नाव सांगू नगा." काटे लागले. करवंदं पोटभर खाल्ली. संध्याकाळी माहुलीला गेलो. तिथं वेण्णा कृष्णेला मिळते. घाटाच्या पायऱ्यांवर भजन चाललं होतं. मी नुसताच ऐकत बसलेला पाहून शेजारच्यानं माझ्या हातात झांजा कोंबल्या. "हात रिकामं का ठेवता?" माझा ठेका चुकत होता, तरी कुणी झांजा काढून घेतल्या नाहीत. त्या संध्याकाळी वाटलं, आपली तक्रार खोटी ठरली. सगळं तर उघडं पडलं आहे, आपणच घराबाहेर पडत नव्हतो.

मिरजेला गाडी बदलून सांगलीला आलो आणि एका मित्राच्या ओसरीवर वळकटी टाकली. सांगलीचं सगळं वैभव संध्याकाळी नदीकाठी येऊन बसतं. उन्हाळ्यात कृष्णा बारीक होते, तिच्या वाळूत काकड्या-कलिंगडांचे वाफे असतात, आणि माणसं भडंगाचा पुडा सोडून नाटकांवर तावातावानं भांडतात. कोणत्या नटानं कुठल्या अंकात सूर सोडला, यावर दोन गृहस्थ जवळजवळ हातघाईवर आले होते. हे भांडणसुद्धा फुकट, आणि पुष्कळ नाटकांपेक्षा सरस!

मित्र म्हणाला, "नदी खरी बघायची असेल तर काठानं वर जा. चिंचेला भोपळे लटकलेले दिसतील." चिंचेला भोपळे? मी पहाटेच निघालो. उसाच्या बांधावरून बरंच चालल्यावर एका गावाचा घाट आला. त्याच्या माथ्यावर चिंचेचं जुनं झाड होतं, आणि खरोखरच त्याच्या फांद्यांना काथ्याच्या जाळीत बांधलेले वाळके भोपळे झुलत होते. खाली कमरेएवढ्या पाण्यात पोरं पाठीला भोपळे बांधून हातपाय मारत होती. त्यांच्यात त्यांना शिकवणारे तात्या पैलवान उभे होते. कान मोडलेले, मिशा पांढऱ्या, आवाज मात्र अजून आखाड्यातला.

"फी काय?" मी विचारलं.

"फी?" तात्या म्हणाले, "हितं शिकला त्यानं म्होरल्या उन्हाळ्यात एकाला शिकवायचं. आन शिकून झालं की भोपळा झाडाला टांगायचा. एकदा झाडाला लागला की त्यो झाडाचा. ज्याला पायजे त्यानं सोडून घ्यावा."

मी भारावून गेलो. ना संस्था, ना चिटणीस, ना वर्गणी, आणि पिढ्यान् पिढ्या गाव पोहायला शिकतं आहे! मनात भाषणाची जुळणी सुरू झालीच होती. तेवढ्यात वळणापलीकडे लक्ष गेलं. तिथं घाट नव्हता, नुसती कापलेली दरड होती. एक माणूस काठाला चिकटून छातीएवढ्या पाण्यात उभा राहून आठ-नऊ वर्षांच्या मुलीला शिकवत होता. तिच्या पाठीवरच्या भोपळ्याला काथ्या नव्हता, खाकी पट्टा होता.

"ती तिकडं का शिकतात?" मी विचारलं. घाटावरची पोरं तात्यांकडे बघू लागली. मग कुणीतरी म्हणालं, "ती खालची मानसं. त्येंचं पानी तिकडं."

मी धोतर खोचलं आणि दरडीकडे गेलो.

त्या माणसाचं नाव नामदेव. महारवाड्यातला. ब्रह्मदेशाच्या लढाईतून नाईक होऊन परत आला होता. मुलगी तानी. गेल्या पुरात नदीनं खालची वाळू ओढून नेली, तेव्हापासून तिथं पहिलं पाऊल टाकलं की दुसऱ्याला तळ नसतो. त्यांच्या वस्तीचं प्यायचं पाणी मात्र तिथूनच. तानीची आई आजारी, म्हणून घागर रोज तानी आणते. पावसाळ्यात हीच दरड निसरडी होणार. एकदा तिचा पाय सरकला होता, पण तेव्हा बाप जवळ होता.

"पाऊस पडायच्या आत तिला भोपळ्याबिगर तरंगता आलं पायजे," नामदेव म्हणाला. "घाटावर पायरी हाय, पायाखाली जिमीन हाय. तितं आठवड्यात शिकंल. हितं पोरीला उभंच ऱ्हाता येत न्हाई, तर शिकायचं कसं? आन तुमी कशापायी आलाय?"

"शिकायला. मला पोहता येत नाही."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "भोपळं दोनच हायेत, मास्तर. एक तिचा. दुसरा तुमचा. तुमी अर्धं बुडाल. चालंल?"

मित्रहो, मी हजारोंच्या सभा पाहिल्या आहेत, पण त्या काळ्या पाण्यात उतरताना मला जितकी भीती वाटली तितकी कुठल्याच सभेत वाटली नव्हती. पहिल्या दिवशी मी ओरडलो. नामदेव म्हणाला, "तोंड मिटा! पान्यात भाषण चालत न्हाई." तानी खदखदून हसली आणि हसता हसता तिच्याही नाकात पाणी गेलं. रोज पहाटे मी सांगलीहून चालत जायचो. नामदेव हुकूम सोडायचा फौजेतल्या हिंदीत आणि शिव्या घालायचा गावच्या मराठीत. शेवटी एका सकाळी त्यानं न सांगता माझा पट्टा सोडला आणि मी तसाच काठापर्यंत आलो, तेव्हा आनंदापेक्षा नवलच जास्त वाटलं. तानीला मात्र अजून धीर होत नव्हता. पट्टा सुटला की तिचा पाय आपोआप खाली तळ शोधायचा, आणि तळ नाही म्हटल्यावर ती बापाच्या गळ्यालाच मिठी मारायची.

माझी रजा संपत आली. भोपळा परत देऊ लागलो, तर नामदेव म्हणाला, "तुमचं शिकून झालं. घाटावरचा कायदा काय?"

मग मी भोपळा उचलला, वळण ओलांडून घाटावर गेलो, आणि खाकी पट्ट्यासकट तो चिंचेला टांगला.

घाटावरच्या प्रत्येकानं तो ओळखला. एका जाडजूड गृहस्थानं हाक दिली, "तात्या, त्यो खालचा भोपळा हाय!"

तात्या पाण्यातून वर आले. भोपळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "शिकलासा का?"

"शिकलो."

"कुनी शिकवलं?"

"नामदेवनं."

तात्यांनी मिशीवरचं पाणी निपटलं, फांदीवरून तो भोपळा सोडला आणि पायरीवर बसलेल्या आपल्याच नातवाच्या पाठीला बांधला. "तात्या!" गृहस्थ ओरडले. तात्या मागं न बघता म्हणाले, "झाडाला लागला. आता झाडाचा. कायदा माझ्या आज्यापासनं हाय, तुज्यासाठी कशापायी मोडू रं?" गृहस्थांनी आपल्या पोराला दंडाला धरून पाण्याबाहेर काढलं. त्यांच्यामागं आणखी काही जण गेले. घाट निम्मा रिकामा झाला. तात्या मला एवढंच म्हणाले, "भोपळा आला. पोरगी कवा येनार, इचारा."

मी धावतच खाली गेलो. वाटलं, नामदेव आनंदेल. तो दरडीवर बसून विडी ओढत होता. तात्यांचा निरोप ऐकून म्हणाला,

"एकट्या तात्याच्या जिवावर न्हाई पाठवायची पोरगी, मास्तर. तात्या म्हातारा. ती पान्यात असताना चार जनांनी दगड मारलं तर? तिच्या संगं मानसं पायजेत. तुमच्यासारकी. कमरंएवढ्या पान्यात नुसती उभी ऱ्हायली तरी बास. मी आनतो तिला."

"मी आहे."

"तुमची गाडी सांजच्याला हाय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला लागलं.

आता घरी, याच दोन खोल्यांत बसून हे लिहितो आहे. काखेत पट्ट्याचं घासलेलं अजून चुरचुरतं. आपली जुनी तक्रार मी तपासली. ती अर्धी खोटी निघाली. गड, करवंदं, भजन, नदी यांना खरंच पैसे पडत नाहीत. उरलेली अर्धी आपण आजवर बोललोच नाही. जे फुकट असतं ते सगळ्यांना खुलं असतंच असं नाही. आपल्याला अडवणारा फक्त खिसा आहे. तानीला अडवणारी माणसं आहेत. तिला हवी आहे ती थंड हवा नव्हे. पायाखाली एक पायरी हवी आहे, तीही पाऊस यायच्या आत.

सरकार उलथून टाकण्याच्या गोष्टी आपण पुष्कळ केल्या. माझ्या भाषणांना तुम्ही पुष्कळ टाळ्या दिल्या. आता टाळ्या नकोत. नामदेवला कळवून येत्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं मी पुन्हा निघतो आहे. मिरजेला गाडी बदला, सांगलीला उतरा, आणि काठानं वर चालत या. गावाचं नाव विचारावं लागणार नाही, चिंचेला भोपळे दिसतील. पोहता येत नसलं तरी चालेल. रविवारी उजाडताच त्या घाटाच्या तिसऱ्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात, तानीच्या शेजारी येऊन उभे राहा.