सुकलालच्या नावाची मूठ

मी मंगळवारी नखं कापते, अमावास्येला नवी गाडी घरी आणते, आणि कुणाच्या अंगात आलंय असं ऐकलं तर आधी थर्मामीटर शोधते. बँकेत सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला कागद दाखवल्याशिवाय काही पटत नाही. तेव्हा 'ही पण त्यातलीच निघाली' असं म्हणायच्या आधी पूर्ण वाचा... मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितेय.

सुमनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पंच्याहत्तरीला टेकलेली, निवृत्त शिक्षिका, सुरतेत माझ्याजवळच राहते. लग्न केलं नाही. का केलं नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

आजोबा इथेच सुरतेत सरकारी इंजिनियर, क्वार्टर मोठं. भांडी घासायला एक खानदेशी बाई यायच्या. त्यांचा थोरला मुलगा सुकलाल आधी कापडाच्या लूमवर होता, मग फौजेत गेला. त्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्याची पत्रं आत्या वाचून दाखवायची आणि उत्तरं तीच लिहायची. पुढे उत्तराखाली स्वतःच्या दोन ओळी लिहायला लागली, मग चार... मग वेगळं पाकीटच जाऊ लागलं! विशीतली पोरगी, दुसरं काय होणार?

एकाहत्तरच्या श्रावणात सुकलाल रजेवर आला आणि त्याने आईला सगळं सांगितलं. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई देवी बसते. घरात जितके पुरुष, तितक्या मुठी गहू काढून दळतात आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. ते रोट फक्त भाऊबंदांनी आणि घरच्या सुनांनी खायचे, बाहेरच्याला कणही देत नाहीत. त्या माउलीने ताटात रोट झाकून आमच्या घरी आणला आणि आजीला म्हणाली, "सुमनसाठी आणलाय." म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलं असेल. आजीच्या नाही आलं. कामवाल्या बाईने प्रसाद आणलाय, एवढंच तिला कळलं. तिने हसून ताटात दोन केळी ठेवून ते परत केलं, आणि रोट वॉचमनला देऊन टाकला.

माउलीने ते फाटकातून जाताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला आली नाही. सुकलाल रजा संपवून गेला, डिसेंबरात लढाई झाली, आणि 'बेपत्ता' एवढीच तार आली. त्यानंतर काहीच नाही.

गेल्या वर्षी आत्याला हार्टचं ऑपरेशन सांगितलं. ती डॉक्टरांना म्हणाली, "करू. पण श्रावण होऊ दे. मला एका घरचा रोट खायचाय." मी समजावलं, चिडले, अगदी अबोलाही धरला. पण आमची आत्या म्हणजे एकदा ठरलं की ठरलं. शेवटी कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, रिक्षा करून आम्ही सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात गेलो. सुकलालचा धाकटा भाऊ आत्माराम तिथे राहतो. सत्तरी ओलांडलेला, लूममध्ये आयुष्य गेलं, कानाने थोडा कमी.

आत्माकाकांनी ओळखलं. मान दिला, खुर्ची दिली, पण चेहरा दगड.

"बाईसाहेब, तुम्ही कसाले उनात?" त्यांनी येण्याचं कारण विचारलं.

"सुकलालच्या नावाची मूठ काढा. त्याचा रोट मी खाईन. त्या दिवशी माझ्यापर्यंत तो पोचला नाही."

काकांची बायको कमलकाकू पदराशी चाळा करत राहिल्या.

"माय व्हती तोवर ती काढे," काका म्हणाले. "आते नही. गयेल मानूसनी मूठ काढतस नही."

"गेला असा कागद आलाय का तुमच्याकडे?"

जमिनीवर धुतलेलं धोतर पसरलं होतं, त्यावर काकांनी स्वतःच्या हाताने सात पुरुषांच्या सात मुठी काढल्या. सात वेगवेगळ्या ढिगल्या. मला ते छान दिसलं म्हणून मी मोबाईलवर फोटो काढला. मग काकांनी त्यावर कोरं कापड झाकलं, कारण गहू न्यायला स्वच्छ डबा धुऊन वाळत होता. आम्ही चहा घेतला. मी त्या कापडापासून दोन हातांवर बसले होते, आत्या खुर्चीत. तिचे गुडघे असे की जमिनीवर वाकणं तिला जमतच नाही. कापडाजवळ कुणी गेलं नाही... हे मी शपथेवर सांगेन.

डबा आला. काकूंनी कापड उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या.

आठ ढिगल्या होत्या.

आठवी इतर सातांहून मोठी. मी लगेच दुसरा फोटो काढला. काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. "हाई कोनी ठेवी?" कुणीच नाही. काकूंनी कानबाई म्हणून पुजतात त्या नारळावर हात ठेवून नाही म्हटलं. काकांनी ती ढिगली आपल्या मुठीत मावते का पाहिलं, मग तिथेच असलेल्या मुलाला मूठ भरायला लावली. तो चांगला आडदांड माणूस, पण त्याच्याही बोटांतून गहू सांडले. काका तिथेच खाली बसले. "माय म्हने, सुकानी मूठ सगळासमा मोठी," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

आठही मुठी दळल्या गेल्या. सोमवारी तापीवर विसर्जन करून आल्यावर पंगत बसली. आत्यासाठी खुर्चीपुढे स्टूल ठेवलं. काकांनी स्वतः ताट आणलं.

"वहिनी, हाऊ तुम्हना वाटाना रोट शे."

आत्याने डोक्यावरून पदर घेतला आणि रोट शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

फोटो दोन्ही माझ्याकडे आहेत, मधलं अंतर सोळा मिनिटं. इथे टाकणार नाही, त्यांच्या घरचं देवाचं आहे. मी सगळे हिशेब लावून पाहिले. फोटोत कोपरा कापला गेला असेल? नाही. कुणी गंमत केली असेल? त्या घरात कानबाईची गंमत कुणी करणार नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

आत्याला मात्र ते नकोच आहे. तिचं म्हणणं सरळ... गेलेल्याची मूठ काढत नाहीत, आणि त्याची निघाली. ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आल्यावर आठव्या दिवशी तिने मला लॅपटॉप उघडायला लावला. सैन्याच्या कार्यालयाला चौकशीचा अर्ज करायचा होता. मी टाइप केला, प्रिंट काढली. अर्जदाराचं बेपत्ता जवानाशी नातं काय, ती जागा मी रिकामी सोडली होती, कारण काय लिहावं मला कळेना. तिने चष्मा लावला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि शाळेतल्या फळ्यावर लिहायची तशा सुवाच्य अक्षरात लिहिलं — पत्नी.