शेवटच्या प्रकरणाआधीचं पाकीट

पास्कल तुस्कानो. मला आज ज्या काही चार ओळी लिहिता येतात, त्याचं सगळ्यात मोठं ऋण या माणसाचं, म्हणून आधी नाव लिहिलं. काही आठवड्यांपूर्वी मस्कतच्या वादी अदाईत आमच्या बिल्डिंगखाली गाडी लावत होतो, तेवढ्यात वसईहून त्यांच्या बायकोचा, रेजिनाकाकूंचा फोन आला. "तुझे काका गेले रे..." एवढंच बोलल्या. मी गाडीतच बसून राहिलो. वर त्यांच्या रिकाम्या फ्लॅटची खिडकी दिसत होती. मनात पहिला विचार आला, शेवटचं प्रकरण राहिलं. लाज वाटली. मग वाटलं, काकांना हे आवडलं असतं.

मी किनवटचा, घरातला पहिला पदवीधर. बांधकामाच्या साइटवर सुरक्षा अभियंता म्हणून मस्कतला आलो खरा, पण अपघाताचा अहवाल लिहायचा म्हटलं की हात थांबायचा. शेजारच्या फ्लॅटमध्ये काका राहायचे. नोकरी विमा कंपनीत सर्व्हेयरची. जळालेली दुकानं, भिजलेला माल तपासायचा. आणि घरी मराठीत रहस्यकथा लिहायच्या. त्यांत खून माणसं करत आणि साक्ष भुतं देत. एकदा मी भीत भीत माझा अहवाल त्यांना दाखवला. "ही काय शोकसभा आहे? आधी दिसलं ते लिही. वाटलं ते नंतर, आणि तेही कोणी विचारलं तर." त्या एका वाक्यावर माझी नोकरी टिकली.

पुढे साखरेच्या आजारानं त्यांची नजर अधू झाली आणि मी त्यांचा लेखनिक झालो. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आले की काकूंच्या हातचं सुरमईचं कालवण, मग काका खुर्चीत आणि मी खाली सतरंजीवर. त्यांच्या कथेतली भुतं भर दुपारी यायची. मी म्हटलं, "काका, भूत रात्री येतं ना?" तर म्हणाले, "ते तुझ्या किनवटला. इथे जूनमध्ये दुपारी दोनला खाली बघ, रस्त्यावर जिवंत माणूस दिसतो का?" त्यांचा गुप्तहेर आगुस्तीन, पोलिसातून हाकललेला, एकटा, कडवट. भुतांचा नियम मात्र पक्का होता. भूत गप्प बसेल, पण खोटं बोलणार नाही. मेलेल्याला वाचवायचं काही उरत नाही. आणि मारेकऱ्याचं नाव सांगितलं की ते कायमचं जातं.

आमच्या घरचाही एक नियम होता. शेवटच्या प्रकरणाआधी ऐकणाऱ्यानं आपला अंदाज पाकिटात घालून द्यायचा. पाकीट हातात आल्याशिवाय काका शेवट सांगत नसत. काकूंचा अंदाज ठरलेला. "नवराच असणार."

"अगं, तिचं लग्नच झालेलं नाही."

"म्हणून तर इतके दिवस जगली!"

शेवटच्या कथेत मस्कतच्या मत्राह भागातल्या एका जुन्या इमारतीत एक बाई मारली जाते. शिवणाच्या दुकानात तिचा एक भागीदार असतो. मेल्यावर ती रोज दुपारी आगुस्तीनच्या स्वयंपाकघरात येऊन बसते. पावसाबद्दल, भावाबद्दल, कशाहीबद्दल बोलते. आगुस्तीन सगळं ऐकतो, फक्त तो एक प्रश्न विचारत नाही. इथवर आलो आणि काकांची किडनी बिघडली. नोकरी सोडून दोघं वसईला गेले. शेवट काकांच्या डोक्यातच राहिला.

फोन यायचा, "पाकीट कुठाय?"

"विचार करतोय काका."

"डॉक्टर सांगतो वेळ कमी आहे, आणि हा विचार करतोय! यल्ला, चल, पाठव."

खरं तर पाकीट केव्हाच बंद करून गाडीच्या कप्प्यात ठेवलं होतं. पण ते पोचलं की गोष्ट संपणार... आणि गोष्ट संपली की... म्हणून पोस्टात टाकत नव्हतो. शेवटच्या फोनवर त्यांचा आवाज खोल गेला होता. तरी हसले. "तुला कळलंय रे. म्हणूनच पाठवत नाहीस."

परवा काकू म्हणाल्या, "आता तरी पाठव. त्यांच्या फोटोसमोर वाचते. नियम म्हणजे नियम." मी ते पाकीट फोडलं, जुन्या मजकुराखाली थोडं लिहिलं आणि पाठवून दिलं.

"काका,

आधी दिसलं ते. खून तिच्या भागीदारानं केला. आगुस्तीनला हे दुसऱ्या प्रकरणापासून माहीत आहे. तो रोज दुपारी दोन कप चहा करतो. एक तसाच गार होतो.

आता वाटलं ते, तुम्ही विचारलंत म्हणून. तो तिला नाव विचारत नाही, कारण नाव सांगितलं की ती उठून जाईल.

शेवट मी लिहिणार नाही. तुमची खुर्ची काकूंनी जाताना मला दिली, ती खिडकीपाशी ठेवली आहे. शुक्रवारी दुपारी मीही चहा दोन कप करतो. विचारत काही नाही.

तुमचा,
सुनील"