टिकलीच्या पोटातलं घुंगरू

डॉक्टरांनी एक्सरेची फिल्म खिडकीच्या काचेला लावली आणि पेनाचं टोक एका पांढऱ्या ठिपक्यावर ठेवलं. म्हणाले, ही फॉरेन बॉडी. फॉरेन बॉडी म्हणजे शरीरात असू नये अशी बाहेरची वस्तू. मला वाटलं होतं खिळा निघेल, नाहीतर ब्लाउजचा हूक, कारण मी घरी शिवणकाम करते आणि हूक कुठंही सांडतात. पण तो ठिपका गोल होता, एका बाजूनं चेपलेला, वर बारीक कडी.

"घुंगरू आहे. पैंजणाचं," डॉक्टर म्हणाले. "घरात लहान मूल आहे का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"हाय," माझ्या मागून सून म्हणाली.

डॉक्टरांनी आम्हा दोघींकडं बघितलं आणि फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं. ओवी, वय तीन वर्षं. पिशवीतली कोंबडी दोन वर्षांची होती आणि तिचं नाव टिकली. ओवी माझी नात. श्रावणात मेंदूज्वरानं तीन दिवसांत गेली. हे फाल्गुनातलं सांगते आहे.

कोंबडीच्या आजारपणावर कुणी लिहितं का, असं माझा मुलगाच हसून म्हणाला. हसू दे. ज्यांच्या घरात कोंबड्या आहेत त्यांना उपयोग होईल. आणि ज्यांच्या घरातून लेकरू गेलं आहे त्यांना तर नक्कीच होईल, म्हणून सगळं खरं सांगते, माझी चूक धरून.

आम्ही बेलापूरचे. मुलगा साखर कारखान्यात, उसाचं गळीत चालू असलं की पाळीवर. घरात दिवसभर मी आणि सून अश्विनी. टिकली म्हणजे ओवीनं काखेत मारून फिरवलेली पिल्ली. मान दुमडेल गं, सोड तिला, म्हणून मी किती ओरडायचे. पण ती पिल्ली तिच्याकडं गप पडून राहायची. मला मात्र चोचा मारायची, मेली.

ओवी गेल्यावर अश्विनी बोलायची थांबली. सांगितलेलं काम करायची, पुढं ठेवलेलं खायची, तेही अर्धं. घरात ओवीचं नाव कुणी घेईना. मीच सगळ्यांना दटावलं होतं, तिच्यासमोर विषय काढायचा नाही म्हणून. मला वाटायचं, मी फार शहाणपणाचं करते आहे.

मग माघात एका दुपारी ती मशीनपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आत्या, पैंजण वाजलं. सासूला आमच्याकडं आत्याच म्हणतात. मी म्हटलं, कान वाजत असतील, दोन घास जास्त खा. पण त्या दिवशी तिनं केस विंचरले.

चार दिवसांनी मीही ऐकलं. भर दुपार, ऊन पांढरं फटक. परसात धुण्याच्या दगडापाशी छुन, छुन, थांबून पुन्हा छुन. नवं चालायला लागलेलं पोर कसं चार पावलं टाकतं आणि बसकण मारतं, तसं. मी दारातून बघितलं. दगड, बादली आणि टिकली. दुसरं कुणी नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगू का, पाठोपाठ डोळे भरून आले. पुन्हा वाजावं असं वाटलं.

अश्विनी सुधारायला लागली. पोटभर जेवायची. दुपारी दगडापाशी वाटीत दूधभाकरी कुस्करून ठेवायची आणि लांब उंबऱ्यावर बसायची. तिचं म्हणणं, जिथं टिकली तिथं आवाज, कारण लेकरू टिकलीच्या मागं मागं फिरतं. मी काय बोलणार? सून माझ्या डोळ्यांसमोर जिवंत होत होती. पण एकदा आवाज दगडापाशी झाला तेव्हा टिकलीला मी परसाच्या दुसऱ्या टोकाला बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवलं होतं. डालग्यावर वरवंटा ठेवलेला होता. मी हे अश्विनीला सांगितलं नाही. मुलालाही नाही. त्या दिवशी उन्हात बसूनसुद्धा मला थंडी वाजत होती.

फाल्गुन लागला आणि टिकली दाण्याला तोंड लावेना. ही लक्षणं नीट लक्षात ठेवा. पिसं फुगवून एका पायावर उभी, तुरा फिकट, हिरवी पातळ विष्ठा, आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी, जिला डॉक्टर क्रॉप म्हणतात, ती सकाळी रिकामी व्हायला हवी ती तशीच टम्म. आम्ही दोन दिवस हळदीचं पाणी पाजत बसलो. ते दोन दिवस फुकट गेले. शेजारची म्हणाली, कापून टाका, निदान रस्सा तरी होईल. अश्विनीनं तिच्याकडं असं बघितलं की ती बाई निम्मा चहा टाकून घरी गेली.

श्रीरामपूरला एक खाजगी जनावरांचे डॉक्टर आहेत. त्यांनी टिकलीला उताणं धरून पोट चाचपलं आणि म्हणाले, आत धातूचं काहीतरी लागतंय, एक्सरे काढून आणा. प्राण्यांचं मशीन जवळपास नाही, म्हणून माणसांच्या सेंटरला चिठ्ठी दिली. तिथल्या बाकावर मी पिशवीत कोंबडी घेऊन बसलेली, शेजारी हात मोडलेले आजोबा. पिशवी हलली तसे ते बिचारे तीन जागा पलीकडं सरकले.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, पेशंटचं नाव? नाव टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नव्हता. मी टिकली म्हणायला तोंड उघडलं, तोवर अश्विनीनं सांगून टाकलं होतं. तिचा आवाज अगदी साधा होता, जसा कुणाही आईचा असतो. बाईंनी नाव टाकलं, वय टाकलं, आणि आत हाक मारली, "ओवी." सात महिन्यांत ते नाव मी पहिल्यांदा मोठ्यानं ऐकलं. पिशवीत टिकलीनं मान वर काढली.

फिल्म बघून डॉक्टर म्हणाले, घुंगरू गिझर्डमध्ये आहे. गिझर्ड म्हणजे कोंबडीच्या पोटातली जाड स्नायूंची पिशवी, तिच्यात खडे असतात आणि दाणे दळले जातात. आपण तिला पेटा म्हणून खातो. त्या दळण्यात कडी उघडली होती आणि तिचं टोक आतून रुतत होतं. ऑपरेशन केलं तर वाचण्याची आशा निम्मीच, कारण पक्ष्याला भुलीचं औषधच सोसत नाही. नाही केलं तर चार-पाच दिवस.

"काढू नका," अश्विनी म्हणाली. "आवाज बंद व्हईल."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला मात्र सगळं कळलं होतं, ठिपका बघितल्या क्षणीच. मी तिला बाहेर कडुनिंबाखाली नेलं आणि सांगून टाकलं.

आमच्याकडं म्हणतात, गेलेल्या लेकराच्या वस्तू घरात ठेवू नयेत, जीव घुटमळतो. म्हणून तिसऱ्या दिवशी मी अश्विनीला न विचारताच सगळं गाठोड्यात बांधून प्रवरा नदीवर नेलं. फ्रॉक सोडले, दुधाची बाटली सोडली. पैंजण धरलेली मूठ काही उघडेना. ते परत आणून मी कोंबड्यांच्या बाजरीच्या डब्यात तळाशी लपवले, कारण त्या डब्यात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. रोज सकाळी दाणे काढताना हाताला लागायचे. तेवढ्यावर माझा दिवस जायचा. फडक्याची गाठ कधी सुटली, घुंगरू कधी निसटलं, मला माहीत नाही. आणि तुला सांगितलं ते खोटं होतं, मी म्हणाले. सगळं प्रवरेत सोडलं म्हणून सांगितलं ते खोटं होतं. लेकराला कुणी अडकवून ठेवलं असेल तर मी ठेवलं.



"मी रोज पुलावर जायचे, आत्या," ती म्हणाली. "दळनाला जाते म्हनून सांगायचे. खाली पान्यात काय चमकतंय का बघायचे. एकदा लई वाकले हुते."

मी तिथंच बुंध्याला टेकून बसले. तिला रडू आलं नव्हतं, राग आला होता. तुम्ही मला विचारलं नाही, एका शब्दानं विचारलं नाही, असं ती मला दवाखान्याच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर बोलली. सात महिन्यांत मला कुणी इतकं बोललं नव्हतं. बोलून झाल्यावर पदरानं तोंड पुसून ती आत गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, काढा, मुक्या जिवाला कशाला त्रास.

ऑपरेशनला पाऊण तास लागला. बाहेरचा तो पाऊण तास मी तुम्हाला सांगत नाही, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांना तो माहीत असतो. आम्ही एकाच बाकावर दोन टोकांना बसलो होतो.

डॉक्टर गॉजच्या तुकड्यावर घुंगरू घेऊन आले. अश्विनीनं विचारलं, हेच वाजत होतं ना? त्यांनी ते बोटांत फिरवलं, कानाशी हलवलं. म्हणाले, हे वाजणं शक्य नाही. दळून चपटं झालंय, फट खड्यांनी बुजली आहे, आणि आतला वाजणारा दाणाच नाही. किती दिवसांपूर्वी गिळलं, मी विचारलं. ते म्हणाले, झीज बघता पोटात गेल्यावर आठवड्याभरातच मुकं झालं असणार. तुम्ही दुसरं काहीतरी ऐकलं असेल.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. दोघींनी ऐकलं होतं, महिनाभर. त्यावर मी आजही काही म्हणत नाही. डालग्याची गोष्ट मात्र मी त्याच बाकावर अश्विनीला सांगून टाकली. ती फक्त "व्हय" म्हणाली, जशी तिला ती ठाऊकच होती.

टिकली वाचली. पहिले दोन दिवस ड्रॉपरनं साखरमिठाचं पाणी, मग ताकात कालवलेली मऊ खिमट, दाणा अजिबात नाही. रात्री उबेला गोणपाट. तिसऱ्या दिवशी विष्ठा सुधारली, पाचव्या दिवशी तिनं मला चोच मारली, तेव्हा मी देवाला हात जोडले. दहाव्या दिवशी टाके निघाले. कोंबडी चमकणारं काहीही उचलते, म्हणून अंगणातले हूक, खिळे, तारा रोज वेचा. आणि क्रॉप सकाळी टम्म दिसली तर हळदीच्या नादी लागू नका, डॉक्टर गाठा. आमच्या डॉक्टरांचे आणि हसू न येऊ देता कोंबडीची एंट्री करणाऱ्या त्या बाईंचे उपकार आहेत.

परसात नंतर काही वाजलं नाही. पैंजण मी अश्विनीच्या हातात दिले. तिनं ते कुठं ठेवले, मी विचारलेलं नाही.

टाके निघाले त्या संध्याकाळी आम्ही मेथी निवडत बसलो होतो. ती आपणहून बोलायला लागली, नगरच्या दवाखान्यातल्या ओवीच्या शेवटच्या रात्रीबद्दल. मी त्या रात्री तिथं नव्हते. घरी कोंबड्या उपाशी आहेत, सकाळी येते, म्हणून मी शेवटच्या एसटीनं निघून आले होते. त्या रात्रीचं मी तिला कधीच विचारलं नव्हतं. तिला त्रास होईल म्हणून नाही, मला ऐकायचं नव्हतं म्हणून.

"तिनं पहाटं डोळे उघडले हुते," अश्विनी म्हणाली. "आजी कुठंय, म्हनाली. मी सांगितलं, कोंबड्यांना दाने टाकून येतीय. तर म्हनाली, टिकलीला जास्त टाक म्हनाव. मंग झोपली."

अश्विनी पुढं म्हणाली, तुमाला तरास व्हईल म्हनून मी सांगितलं न्हाई. मग ती माझ्याजवळ सरकली आणि माझी पाठ चोळत राहिली. मी सात महिन्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं रडले, ओवीचं नाव घेऊन.